भिंतीतला दीड टन

नागपुरात खिडकी उजेडासाठी नसते, कूलरसाठी असते. एप्रिल लागला की डेझर्ट कूलर बाहेरून येऊन तिला टेकतो, जाळ्यांत नवं गवत भरलं जातं, टुल्लू पंप गुरगुरायला लागतो आणि मृग येईपर्यंत त्या खिडकीतून आकाश दिसत नाही. महाल भागातल्या आमच्या घरात रस्त्याकडच्या खोलीला एकच खिडकी आहे आणि तिच्यावर कूलरची वहिवाट आहे. त्यामुळे एसी घ्यायचं ठरलं तेव्हा तो भिंतीत बसेल, एवढं घरात एकमतानं मंजूर झालं. यंत्राची निवड माझ्याकडे आली. उभा जन्म शाळेत फिजिक्स शिकवलेला माणूस घरात असताना दुसऱ्या कुणाला विचारायचं तरी कशाला, असं मीच म्हणालो होतो.

दुकानदार ‘स्प्लिट घ्या’ म्हणत होता. पण स्प्लिटचं बाहेरचं यंत्र टांगण्याजोगी एकच भिंत आहे आणि ती चुलतभावाच्या अंगणात उघडते. वाटणीचा दावा आत्ता कुठे थंड झालेला. त्यावर गरम हवा सोडणं परवडलं नसतं.

बाबांना मुळात एसीच नको होता. २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला तेव्हा आपण कूलरवर दिवस काढले, हा त्यांचा पहिला मुद्दा. दुसरा मुद्दा त्याहून जबर. ३० मे २०२४ ला नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंशांची नोंद झाली आणि हवामान खात्यानं नंतर तो यंत्रातला दोष असल्याचं सांगितलं. बाबांना खुलासा मान्य नाही. “छप्पन्न होतं. मी गच्चीवर होतो,” असं ते अजून सांगतात.

दुकानातल्या पोरानं विचारलं, “काकाजी, किती टनाचा देऊ?” एवढं निमित्त मला पुरलं. टन म्हणजे वजन नव्हे, मी सुरू झालो. दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळायला जितकी उष्णता लागते, तितकी तेवढ्याच वेळात खोलीबाहेर काढायची ताकद म्हणजे एक टन. तासाला १२ हजार बीटीयू, म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट. पोरगा ऐकत होता, किंवा निदान उभा होता. मग मी त्याला हेही सांगितलं, की हे यंत्र माणसांसाठी जन्मलंच नाही. १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचा आणि रंगावर रंग बसायचा नाही, म्हणून विलिस कॅरियरनं हवेतला ओलावा काढायची युक्ती शोधली. थंडावा हा त्यातला वरकड फायदा. पोरगा म्हणाला, “बरं जी. रूम किती बाय किती?”

ते माझ्याकडे तक्त्यात होतं. खोली बारा बाय चौदा. उंची, डोक्यावर दिवसभर तापणारी स्लॅब, पश्चिमेचं ऊन, खिडकीची काच, झोपणारी माणसं, टीव्ही, ट्यूबलाइट. प्रत्येकाची उष्णता मी वेगळ्या रकान्यात मांडली होती आणि बेरीज दीड टनाला जाऊन टेकली होती. कोपऱ्यावरचा इस्त्रीवालाही, “स्लॅबखालची खोली आहे ना, मग दीड टन,” असंच म्हणाला होता, पण त्याच्याकडे रकाने नव्हते. विजेच्या ताऱ्यांचाही मी अभ्यास केला होता. विंडो एसीचे पाच तारे आणि स्प्लिटचे पाच तारे एका आकाशातले नाहीत. ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी दोघांना वेगवेगळ्या पट्टीनं मोजतं आणि विंडोची पट्टी सौम्य आहे. हे मी घरी जेवताना सांगितलं. बायको म्हणाली, “अहो, तो मागून बाहेर निघेल ना पण?” मी तिला नीट समजावलं, की प्रश्न उष्णतेच्या वहनाचा आहे, लांबीचा नाही. वरण थंड होत होतं.

मिस्त्री आला. त्यानं भिंतीवर तळहात थापला, दाराच्या चौकटीपाशी जाऊन टेप लावला आणि काहीच बोलला नाही. मिस्त्री गप्प झाला की खर्च वाढतो. भिंत आजोबांच्या काळची, दोन विटांची, चुन्यात बांधलेली. गिलावा धरून वीस इंच. माझ्या तक्त्यात ‘भिंत’ या रकान्यात नऊ इंच लिहिलं होतं, कारण पुस्तकात नऊ इंच असते.

“सरजी,” तो शेवटी म्हणाला, “इथं भोक नाही, बोगदा पाडा लागते.”

वर स्लॅबचं ओझं असल्यामुळे आधी लिंटेल टाकावं लागलं. मग छिन्नी-हातोडा. जुना चुना सिमेंटसारखा फटकन तुटत नाही; तो छिन्नी गिळून घेतो आणि विचार करून भुगा देतो. लाल-पांढरी धूळ तांदळाच्या डब्यापासून देवातल्या बाळकृष्णापर्यंत सगळ्यांवर सारखी बसली. भोक आरपार झालं तसा आत उजेड आला. पिढ्यान्‌पिढ्या कूलरच्या तोंडाकडे बघत बसलेल्या त्या खोलीत बाबा खुर्ची सरकवून भोकासमोर बसले आणि पेपर वाचू लागले. “हे असंच राहू द्या,” म्हणाले. दुपारी झळा सुरू झाल्या तेव्हा उठले. रात्री गल्लीतलं मांजर तिथून आत आलं, दूध प्यालं आणि दारातून गेलं.

एसी बसला. खाली कडप्पा, बाजूनं लाकडी चौकट, पाणी बाहेर जावं म्हणून मागे किंचित उतार, पंधरा अँपिअरची वेगळी लाइन. सरकारी नियमानं तो सुरू होताना २४ अंशांवर सुरू होतो; मी शास्त्रीय कारणासाठी १८ केले. थंड झुळूक आली. बायकोनं माझ्याकडे बघितलं, ते मी बऱ्याच वर्षांनी पाहिलेलं बघणं होतं. मग आतून ‘खट्’ झालं आणि नुसता पंखा फिरत राहिला. थोड्या वेळानं पुन्हा घरघर, पुन्हा ‘खट्’. मी व्होल्टेज तपासलं. स्टॅबिलायझर बदलला. महावितरणबद्दल जे बोलायचं ते बोलून झालं.

सर्व्हिसला आलेल्या मुलानं आत पाऊलही टाकलं नाही. गल्लीत उभं राहून त्यानं वर बघितलं आणि मिस्त्रीला बोलावलं. विंडो एसीच्या पत्र्याला दोन्ही बाजूंनी झडपांसारख्या फटी असतात. बाहेरची हवा तिथून आत ओढायची, तापलेल्या जाळीतून ढकलायची आणि मागून फेकायची, असा त्याचा प्राणायाम. आमच्या वीस इंची भिंतीनं त्या फटी दोन्हीकडून दाबून धरल्या होत्या. हवा मिळेना, कॉम्प्रेसर तापे, आणि जीव वाचवायला स्वतःच बंद पडे. खास भिंतीसाठी केलेली, फक्त पाठीनं श्वास घेणारी यंत्रं अमेरिकेत मिळतात. आमच्या दुकानात होता तो विंडो एसी. भिंतीला कान असतात हे ऐकून होतो, इथं यंत्राचे कान भिंतीत गेले होते.

“माहितीपुस्तकात चित्र आहे काका,” मुलगा म्हणाला. होतं. फटींसमोर भिंत आणि त्यावर भली मोठी फुली. मी ते पान पाहिलं होतं, पण त्यावर आकडे नव्हते.

एसी बाहेर ढकलला असता तर फटी मोकळ्या झाल्या असत्या, पण त्याचं तोंड भिंतीच्या बिळात गेलं असतं आणि थंड हवा बिळातच फिरली असती. तेव्हा मिस्त्रीनं बाहेरून पाड बांधली आणि भोकाच्या दोन्ही कडा आतून बाहेर पसरट होत जातील अशा तिरक्या तासल्या. तासताना त्याचा उपदेश चालू होता. “पयले भिंत मोजा लागते सरजी, मग मशीन. तुम्ही मास्तर मानूस, तुम्हाले कोन सांगन?” गल्लीतली चार माणसं मान डोलावत होती. त्यातला एक माझा विद्यार्थी.

आता एसी चालतो, आणि इथं माझं गणित पुन्हा आडवं आलं. पाण्याच्या नळीखाली बादली ठेवू या, असं बायको म्हणाली तेव्हा मी हसलो होतो. मे महिन्यात नागपूरची हवा इतकी कोरडी असते, की दवबिंदू पार खाली जातो. एसीच्या गार नळ्यांवर थेंब धरायला हवेत पाणी तर हवं! मी तिला कागदावर काढून दाखवलं. तरी तिनं बादली ठेवली आणि सकाळी ती काठोकाठ भरलेली.

कारण रात्री बाबांनी कूलर लावला होता. एसीच्या बंद खोलीत त्यांचा जीव गुदमरतो, म्हणून ते दार सताड उघडं ठेवतात. आणि पंपाचा आवाज नसेल तर झोप येत नाही, म्हणून खिडकीतला कूलर सुरू करतात. कूलर टाकीतलं पाणी हवेत घालतो. एसी तेच पाणी हवेतून काढून नळीनं बादलीत सोडतो. ब्रुकलिनच्या छापखान्यातलं मूळ काम तो आमच्याकडे रात्रभर इमानानं करतो, दोन्ही मीटरला लावून. एका बाजूनं भरणं आणि दुसऱ्या बाजूनं उपसणं यासाठी मी किती युनिट जाळतो, त्याचा नवा तक्ता मी केला आहे. बाबांना दाखवायला गेलो तेव्हा ते बादली कूलरच्या टाकीत ओतत होते.

आल्यागेल्याला ते कौतुकानं सांगतात, “पोरानं एसी घेतला. कूलरच्या पाण्याची मोठी सोय झाली.”