बटण आहे, नाव नाही

विजेचं बिल फोनवरच्या अ‍ॅपमधून भरायला मला चार मिनिटं लागायची. मार्चमध्ये त्या अ‍ॅपचं नवीन अपडेट आलं आणि तेव्हापासून मला ते भरताच येत नाही. खात्यात पैसे आहेत, नेट आहे, बिलाची रक्कम फोन खणखणीत आवाजात वाचून दाखवतो. त्या रकमेच्या खाली बटण आहे. आधी फोन सांगायचा, "बिल भरा, बटण." आता म्हणतो, "बटण." त्याच्या बाजूला आणखी तीन आहेत, तीही "बटण"च. एक दाबलं की मागच्या पानावर येतो. दुसऱ्याने भाषा बदलते. तिसऱ्याने तक्रारीचा फॉर्म उघडतो आणि तो पाठवायच्या बटणालाही नाव नाही.

डोळ्यांच्या पडद्याच्या आजाराने पस्तिशीपर्यंत माझी नजर पूर्ण गेली. मी रायगड जिल्ह्यातल्या पोलादपूरला राहतो. लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रांचे मसुदे, शाळेसाठीची पत्रं कॉम्प्युटरवर टाइप करून देतो. कॉम्प्युटरवर माझ्याकडे एनव्हीडीए हा स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने 2006 साली त्याचं काम सुरू केलं आणि जेम्स टे हा दुसरा अंध तरुण त्याच्या सोबतीला आला. हा प्रोग्राम फुकट मिळतो आणि मराठीही बोलतो. फोनवर टॉकबॅक आहे. तो बहुतेक अ‍ॅन्ड्रॉइड फोनमध्ये आधीपासूनच असतो. तुमच्याही फोनमध्ये असेल, सेटिंगमध्ये जाऊन बघा. स्क्रीनवर बोट फिरवलं की बोटाखाली जे येईल ते तो बोलतो आणि दोनदा टॅप केलं की ते उघडतं. त्याने नाव सांगावं म्हणून अ‍ॅप लिहिणाऱ्याने त्या बटणाला नाव द्यावं लागतं. दोन शब्द. वेबसाठीचे नियम ठरवणाऱ्या जागतिक संस्थेने 2008 साली सुगम्यतेचे जे निकष काढले, त्यांतला पहिलाच निकष हा आहे: जे चित्र म्हणून दाखवाल ते शब्दांतही द्या. आपल्या भारतीय मानक ब्यूरोचं याच विषयावरचं आयएस 17802 हे मानकही आहे. म्हणजे काय करायचं ते कुणाला नव्याने शोधून काढायचं नाही.

माझी तक्रार या दोन शब्दांची आहे. ती इतकी छोटी आहे की सांगायला गेलं की समोरचा म्हणतो, "एवढंच ना?" एवढंच. पण दिवसाला असं वीस वेळा होतं.

बँकेचं अ‍ॅप घ्या. पिन टाकायला आकड्यांचा जो चौकोन येतो त्यातले आकडे दर वेळी जागा बदलतात आणि सुरक्षेसाठी म्हणून ते बोलतही नाहीत. मी कानात इअरफोन घालून बसलेलो असतो, माझ्याशिवाय कुणाला ऐकू जाणार नसतं, तरी फोन गप्प. ओटीपीला तीस सेकंद. पोलादपूरच्या बाजारपेठेत तो वेळेत येतो. आंबेनळी घाटाच्या बाजूला बहिणीच्या गावी गेलो की डोंगराआड रेंज जाते आणि मेसेज येतो तोवर वेळ संपलेली असते. म्हणून एकदा मुद्दाम एसटीने महाडला शाखेत गेलो. काउंटरवरच्या मुलाने सगळं ऐकून घेतलं, चहा विचारला आणि म्हणाला, "काका, पिन भावाला सांगून ठेवा ना. घरचाच आहे." भिंतीवर, पिन कोणालाही सांगू नका, असा बोर्ड असतो हे मला नजर होती तेव्हापासून माहीत आहे. माझा भाऊ सज्जन माणूस आहे. पण माझे पैसे मी किती वाजता, कुणाला, कशासाठी दिले हे त्याला कळलंच पाहिजे, असा नियम डोळस माणसासाठी कुठे आहे?

केवायसीचंही तसंच. कॅमेऱ्यासमोर चेहरा गोलात आणा आणि डोळे मिचकावा. गोल कुठे आहे ते फोन सांगत नाही. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि स्वतः अंध असलेले वकील अमर जैन यांनी याच अडचणी सर्वोच्च न्यायालयात नेल्या. 30 एप्रिल 2025 रोजी न्यायालयाने निकाल दिला की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, आणि वीस निर्देश दिले. त्या दिवशी मी ती बातमी तीनदा ऐकली. दुसऱ्या दिवशी अ‍ॅप उघडलं. डोळे मिचकावा.

सरकारी कागदाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण ते माझ्या धंद्याचं आहे. गावाकडून माणूस येतो, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली पीडीएफ पाठवतो आणि म्हणतो, "दादा, यात आपलं नाव आहे का बघा." अजून कितीतरी कागद कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप होतात. त्या फाँटमध्ये मराठी अक्षर फक्त दिसण्यापुरतं मराठी असतं. आत कॉम्प्युटरला इंग्रजी अक्षरंच मिळतात. डोळ्यांना "महाड" दिसतं. माझा एनव्हीडीए बाणाच्या एकेका दाबाला सांगतो: ई, जी, के, एम. "रायगड" म्हणजे जे, के, सेमिकोलन, एक्स, एम. वर्षानुवर्षं ऐकून मला आता ही दोन नावं तशी ओळखू येतात. पण अडीचशे नावांच्या यादीत एका म्हाताऱ्या माणसाचं आडनाव असं शोधायचं म्हणजे अख्खी दुपार जाते. अक्षर आतूनही मराठीच ठेवणाऱ्या युनिकोडमध्ये टाइप केलेला तोच कागद मी दहा मिनिटांत वाचतो. त्या टंकलेखकाला एकही अक्षर जास्त दाबावं लागत नाही, फक्त कीबोर्ड बदलायचा आहे. तरी तो बदलत नाही आणि त्याची दुपार माझ्या वाट्याला येते.

आता खेळ. लोकांना वाटतं अंध माणसाने बिल भरलं, अर्ज लिहिला की झालं, खेळायचं कशाला? मला बुद्धिबळ येतं. आमच्या पटावर काळी घरं किंचित उंच असतात, प्रत्येक घराला भोक, त्यात मोहरा खोचायचा, आणि एका बाजूच्या मोहऱ्यांच्या डोक्यावर टाचणीसारखं टोक असतं. बोटांनी चाचपून डाव कळतो. मुंबईचे चारुदत्त जाधव यांनी अंधांसाठी टॉक 64 हे बोलणारं बुद्धिबळ तयार केलं. लीचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर अंधांसाठी वेगळी सोय आहे, मी रात्री तिथे चाली टाइप करून खेळतो आणि समोरच्याला माझे डोळे आहेत की नाहीत याचा पत्ताही लागत नाही. 2020 साली आलेल्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' या मारामारीच्या मोठ्या गेममध्ये साठाहून जास्त सुगम्यतेच्या सोयी आहेत आणि अंध खेळाडूंनी तो नुसत्या आवाजावर शेवटापर्यंत खेळला आहे. पडक्या शहरातून शत्रू चुकवत जाणं जर आवाजावर जमतं, तर लुडोचा फासा का बोलू नये?

हे माझ्या पुतण्याने विचारलं. तो नऊ वर्षांचा आहे. गेल्या गणपतीत मंडपात सगळी पोरं फोनवर लुडो खेळत होती, तो म्हणाला, "काका, तुम्ही लाल घ्या." माझी पाळी आली तेव्हा फोन काहीच बोलला नाही. मी बोट फिरवत राहिलो, मग जाहिरात आली, तिच्या फुलीलाही नाव नव्हतं, दाबलं तर भलतंच अ‍ॅप डाउनलोडला गेलं. त्याने माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाला, "मी तुमचं खेळतो." तो माझ्या सोंगट्या घेऊन जिंकला. मला खेळायचं होतं.

नियम आहेत, निकालही आहे, तरी फोन गप्प. महाडच्या माणसाला कागदावर उघडं आणि प्रत्यक्षात बंद म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. 1923 साली मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव झाला, 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव केला, आणि तरी 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले तेव्हा कुठे ओंजळीत पाणी आलं. ते दुःख आणि माझी अडचण एका मापाची नाही, मी ती शेजारी ठेवतही नाही. पण ठराव झाला म्हणजे पाणी मिळालं असं नसतं, हे मी याच गावाकडून शिकलो. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा 2016 चा आहे.

शेवटचं सांगतो ते पावसाचं. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच पुरात महाडची बाजारपेठ सावित्री-गांधारीच्या पाण्याखाली होती. तेव्हापासून इकडे जुलैत कुणी फोन लांब ठेवून झोपत नाही. इशारा येतो तो बहुतेक वेळा नकाशाच्या फोटोतून. जिल्हे रंगवलेले, पिवळे, केशरी, लाल. माझा फोन म्हणतो, "फोटो." चित्रातली अक्षरं वाचणारी अ‍ॅप माझ्याकडे आहेत, पण त्यांतल्या बऱ्याच अ‍ॅपना नेट लागतं, जे पावसात आधी जातं, आणि नेट असलं तरी ती "रायगड" वाचतात, रायगड कुठल्या रंगात आहे ते वाचत नाहीत. रात्री अकरा वाजता मी भावाच्या खोलीचं दार वाजवतो आणि विचारतो, लाल आहे का. त्या रात्री भाऊ मुंबईला गेलेला असला तर वहिनींना उठवतो.

अ‍ॅप बनवणाऱ्यांनी एकदा टॉकबॅक सुरू करून, स्क्रीन झाकून, स्वतःचंच एक बिल भरून बघावं. कार्यालयांनी युनिकोडमध्ये टाइप करावं. आणि हे वाचणाऱ्या तुम्हाला एवढंच सांगणं आहे: यंदा इशाऱ्याचा फोटो ग्रुपवर पुढे पाठवाल तेव्हा त्याखाली हाताने एक ओळ टाइप करा. रायगड, लाल, उद्या सकाळपर्यंत. माझा फोन ती वाचेल.