आईने तपासलेला पेपर

मूल शाळेत न घालता घरी शिकवणाऱ्या आईबापांना नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात, ‘मग दहावीचं काय?’ दहावीची काळजी नको. तिची सोय केव्हाच झाली आहे. विचारायचं असेल तर हे विचारा: आठ वर्षांच्या या पोराला वाचता येतं का, आणि ते आईशिवाय आणखी कुणी ऐकलंय का?

दहावीचं आधी उरकून टाकू. बाहेरून परीक्षेला बसण्याचा राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आपल्याकडे घराघरांत ठाऊक आहे. पण त्याला शाळा सोडल्याचा दाखला जोडावा लागतो, आणि ज्याने शाळेची पायरीच चढली नाही त्याने तो आणायचा कुठून? म्हणून घरी शिकणाऱ्यांचा ओढा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडे, म्हणजे एनआयओएसकडे असतो. चौदा वर्षं पूर्ण झाली की नाव घालता येतं. पाच विषय, वर्षातून दोनदा परीक्षा, एकेक विषय सोडवत गेलं तरी चालतं, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. ज्यांना परवडतं ते खासगी उमेदवार म्हणून केंब्रिजच्या आयजीसीएसईला बसवतात. वाटा आहेत, त्या मळलेल्या आहेत, आणि त्या सगळ्या चौदाव्या वर्षानंतर सुरू होतात.

त्याआधीच्या आठ वर्षांचं काय?

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्यात घरी शिकवण्याला ना स्पष्ट परवानगी, ना त्याची काही रीत. कधीच शाळेत न गेलेलं मूल दारात आलं तर त्याला वयानुसार वर्गात घ्यावं, असं हा कायदा सांगतो. तरतूद चांगली आहे आणि ती तशीच राहावी. पण तिचा एक अर्थ आईबापांनी नीट समजून घ्यावा. दहाव्या वर्षी तुमचं मूल पाचवीच्या बाकावर बसेल, भागाकार येवो न येवो. प्रवेश मिळाला म्हणजे अभ्यास झाला, असं होत नाही. महाराष्ट्राने २०१७ मध्ये स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळ काढलं. तिथे दहा वर्षं पूर्ण झालेल्याला पाचवीची आणि तेरा झालेल्याला आठवीची परीक्षा देता येते. एनआयओएसच्याही तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीच्या पातळ्या आहेत. घरी शिकवणाऱ्या पालकांनो, यांतली एक तरी परीक्षा द्यायला लावा. मूल नापास झालं तरी चौदाव्या वर्षाच्या आत कळलेलं बरं.

इथे उत्तर येतं, ‘आम्ही मुलांना मोजत नाही.’ शाळेतल्या परीक्षेचा धसका घेऊन तुम्ही बाहेर पडलात, हे मला मान्य आहे. पन्नास पोरांना एका ओळीत लावणारी, ‘कितवा आला?’ विचारणारी ती परीक्षा मलाही नको आहे. पण एकट्या मुलाची चाचणी ही वेगळीच गोष्ट आहे. तिच्यात नंबर नसतो. कुणीतरी त्याच्या शेजारी बसतं, ऐकतं आणि ते नेमकं कुठे अडतं ते पाहतं. याला मोजणं म्हणत असाल तर डॉक्टरकडे वजन करणंही सोडून द्या.

अशी चाचणी फुकट मिळते आणि मराठीत मिळते. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीचं नाव दर वेळी पेपरात येतं, ते ग्रामीण शाळांची दशा सांगायला. पण ती पाहणी होते कशी, हे फार थोड्यांनी पाहिलंय. २००५ पासून स्वयंसेवक गावात घरोघर जातात आणि एकेका मुलासमोर एक कागद धरतात. त्यावर अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. गणितात अंक ओळखणं, दोन अंकी वजाबाकी, मग तीन अंकी संख्येला एका अंकाने भागणं. काही मिनिटांचं काम. हे साधन नेटवर कुणालाही घेता येतं. त्याची मर्यादाही ध्यानात ठेवा: दुसरीच्या गोष्टीपुढे ते वाचन तपासत नाही. पुढच्या इयत्तांसाठी बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत आहेत. धड्याखालचे स्वाध्याय घ्या आणि निवृत्त शिक्षक असलेल्या शेजाऱ्याला तपासायला द्या.

शेजाऱ्यालाच द्या. आई अडखळलेला शब्द मनात पूर्ण करते, बाप ‘येतं रे त्याला, आज कंटाळलाय’ म्हणतो. ही माया आहे, तपासणी नव्हे.

शाळेतल्या बाईंसमोर चाळीस मुलं असतात, म्हणून एक मूल मागे पडत असेल तर ते त्यांच्या नजरेत भरतं. घरात तुलनेला दुसरं मूलच नसतं. नवव्या वर्षी अक्षरं उलटसुलट होतात, ओळ सुटते, आणि आईबाप ‘त्याच्या गतीने येईल’ म्हणत दोन वर्षं काढतात. अशा मुलाला मानसशास्त्रज्ञाकडे नेऊन एकट्याची सविस्तर चाचणी करून घ्यायलाच हवी. अध्ययन अक्षमता असेल तर सरकारी रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात. पण लवकर निदान झालं तरच शिकवण्याची पद्धत वेळेत बदलता येते, आणि सवलतीपेक्षा ते कितीतरी मोलाचं आहे.

काही पालक मात्र थेट बुद्ध्यांक काढायला धावतात. त्याला आपल्याकडे जुनी परंपरा आहे. व्ही. व्ही. कामत यांनी बिनेची चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली, मालिन यांनी वेक्सलरची नागपुरात. पण बुद्ध्यांक १३० आला म्हणून अपूर्णांक आले, असं होत नाही. हुशारीचा कागद आणि अभ्यासाचा कागद वेगळा.

आता सरकारकडे वळू. २०१६ मध्ये घरी शिकलेली मुंबईची एक मुलगी दहावी-बारावीच्या प्रमाणपत्राविना अमेरिकेच्या एमआयटीत गेली. संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधली तीन पदकं तिच्याकडे होती. आपल्या आयआयटीच्या प्रवेशाला बारावी लागते, म्हणून तिथे दार बंद. तिची गोष्ट सांगून सगळ्यांना परीक्षा सोडायला लावू नका. तशी पदकं लाखात एखाद्याला मिळतात. पण एवढं तरी पाहा, की ती पदकंही कठोर परीक्षा देऊनच मिळाली. आणि आपण काय करतो? राज्याच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा अर्ज भरायचा तो शाळेने. शाळा नसेल तर परीक्षा नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात घरी शिकणाऱ्या मुलाला तिसरी, पाचवी, आठवीत प्रमाणित चाचणी द्यावी लागते आणि दर वर्षी पात्र शिक्षक त्याचं काम पाहून, त्याच्याशी बोलून लेखी मत देतो. तिथे बळजबरी आहे. आपल्याकडे बळजबरी नको, नुसतं दार उघडलं तरी पुरे.

शिक्षण खात्याने शिष्यवृत्तीच्या अर्जात खासगी उमेदवारासाठी एक रकाना घालावा. आणि पालकांनो, तो येईपर्यंत थांबू नका. ‘असर’चा कागद काढा, मूल एका परक्या माणसासमोर बसवा आणि तुम्ही खोलीबाहेर जा.