होडी नोंदवा, पाणी नंतर बघू

भोकरदन तालुक्यातल्या धावड्याला समुद्र नाही, याचा कायद्याशी काही संबंध नाही. १९१७ सालचा इंग्रजी अमदानीतला कायदा मोडीत काढून केंद्राने अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ आणला. तो जून २०२२पासून लागू झाला. यंत्राच्या बोटीला सर्वेक्षण, नोंदणी, दाखला, विमा हे सगळं आलं. वल्ह्याच्या होड्यांचं काम मात्र जिल्हा, तालुका, गाव पातळीवरच्या संस्थांकडे सोपवायची मुभा. म्हणजे ग्रामसेवकाने उद्या टँकरच्या फेऱ्यांची वही मिटावी आणि होड्यांची उघडावी!

पुढच्याच वर्षी ऑक्टोबरअखेर राज्य सरकारने ४० तालुके दुष्काळी ठरवले. भोकरदन त्यात होता.

पाणी आहे तिथे तरी काय? २१ मे २०२४ला उजनी धरणात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. त्याच वर्षी १८ डिसेंबरला घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. बोट बुडली की आपल्याकडे नियम तरंगतात: चौकशी, मदतीची घोषणा, लाइफ जॅकेटची सक्ती. मग महिना-दोन महिन्यांत तीच जॅकेटं बाकाखाली नीट घडी घालून, प्रवाशांना ‘त्रास नको’ म्हणून.

त्या मानाने धावड्याचा कारभार चोख. एकही होडी विनापरवाना सापडायची नाही. तपासणी अधिकारी आलाच, तर त्याने येताना पाण्याची बाटली मात्र घेऊन यावी.