मानपत्रात दुरुस्ती

(सत्कार समारंभाचं व्यासपीठ. दोन खुर्च्या, अध्यक्षांची खुर्ची प्रेक्षकांनी मनानं भरायची. माईकसमोर एक्याऐंशीच्या आजी. सहावारी पातळ, खांद्याला कापडी पिशवी, हातात फ्रेम केलेलं मानपत्र.)

बसा, बसा. टाळ्या पुरे. हॉल नऊपर्यंतच घेतलाय, पुढे जादा भाडं पडतं.

मानपत्र सुरेख झालंय हो! सोनेरी अक्षरं, वेलबुट्टी. शेवटपर्यंत वाचलं आणि डोळेच भरून आले. म्हटलं, अगंबाई, गेली वाटतं बिचारी!

आता चार लोक जमलाच आहात, तर दुरुस्त्या करून घेऊ. घ्या लिहून.

(वाचतात) ‘सहस्र पूर्णचंद्र पाहिलेल्या...’ खोडा. हजार पौर्णिमा होऊन गेल्या असतील, मी नाही पाहिल्या. गच्चीवर गेले ती पापड वाळत घालायला, तेही भर दुपारी. कोजागिरीला सगळ्यांनी चंद्र पाहिला, मी दूध उतू जातंय का ते पाहिलं. चंद्र नीट निरखून पाहिला तो संकष्टीला, उपाशीपोटी, ‘कधी उगवतोस रे मेल्या’ म्हणत. पण संकष्टी पडते चतुर्थीला. ती यात धरत नाहीत.

(वाचतात) ‘पतीच्या मागे सावलीसारख्या उभ्या...’ हे पहिल्या रांगेत बसलेत, त्यांनाच विचारा. सावली घरी किती वाजता यायची?

१९७२ साल. दुष्काळ, महागाई, रॉकेलला रांग. मुंबईत बायकांनी महागाई प्रतिकार समिती काढली. मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर पुढे. आमच्या गोरेगावात मृणालताईंना सगळे ‘पाणीवाली बाई’ म्हणायचे. पाण्यासाठी भांडून भांडून कमावलेली पदवी ती. असं मानपत्र असावं, दोन शब्दांत आटोपतं!

निरोप आला, मोर्चाला लाटणं घेऊन या. मी निघाले. सासूबाई दारात. ‘अगं, लाटणं तू नेतेस, पोळ्या कशानं लाटायच्या?’ हे म्हणाले, ‘आई, जाऊ दे तिला, मी बघतो.’ आणि ह्यांनी बाटलीनं पोळ्या लाटल्या.

(थांबून) औषधाच्या! औषधाच्या बाटलीनं! काय हसताय?

तर मी रॉकेल मागायला सचिवालयावर. मंत्रालय नव्हे, तेव्हा सचिवालयच म्हणत. हे रॉकेलसाठी रेशनच्या रांगेत. मला आश्वासन मिळालं, ह्यांना पाच लिटर. त्या रात्री स्टोव्ह पेटला तो ह्यांच्या रॉकेलवर. तेव्हा लिहा, ‘पती पत्नीच्या मागे उभे, डबा घेऊन.’

आणि मोर्चाच्या गर्दीत लाटणी बदलली. मी नेलं होतं शिसवी, घरी आलं बाभळीचं! पन्नास वर्षं झाली, नाव घेत नाही. बाई तिसऱ्या रांगेत बसल्यात. (हात जोडून) नमस्कार हो ताई. पोळ्या गोल येतात ना?

(वाचतात) ‘मुलांवर उत्तम संस्कार केले.’ आमचा मुलगा कुकर लावतो, कणीक भिजवतो, ताट उचलून ठेवतो. सून म्हणते, ‘आई, काय संस्कार केलेत हो तुम्ही!’ संस्कार कसले गं? मी घरी नव्हते. पोराला भूक लागली, तो शिकला.

(वाचतात) ‘बालकांना प्रेमाने पोलिओचे डोस पाजले.’ प्रेमानं? १९९५ साली पल्स पोलिओ सुरू झालं. रविवारी सकाळी बूथवर बसायचं. पुढे बूथ चुकवणाऱ्यांच्या घरोघर जायचं, खांद्याला बर्फाचा निळा डबा. लसीच्या बाटलीवरच्या लेबलवर गोलात एक चौकोन असतो. बाहेरच्या गोलाइतका गडद झाला की लस बाद. म्हणून सारखी नजर त्या चौकोनावर. पोर पलंगाखाली. आई म्हणणार, ‘झोपलाय.’ पलंगाखालून आवाज, ‘हो, मी झोपलोय!’ मग ओढायचं बाहेर, दोन बोटांनी गाल दाबायचे, तोंडाचा चंबू झाला की दोन थेंब आत. डाव्या करंगळीला शाई, निघाले. हात बसलेला होता माझा. ह्यांना काढा पाजून.

२०१४ च्या मार्चमध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. मी ह्यांना म्हटलं, ‘ऐकलंत? झालं काम.’ हे म्हणाले, ‘मग उद्यापासून घरी?’ इतका घाबरलेला माणूस मी पाहिला नाही.

आता शेवटचं. (फ्रेम लांब धरून) ‘त्यागमूर्ती.’

हे मात्र गडद शाईनं खोडा. त्याग कसला? घरात वाटाणे सोलत बसायचं, की सचिवालयासमोर ‘नहीं चलेगी’ म्हणून ओरडायचं? तुम्ही काय निवडाल? मजा केली हो मी! त्याग असलाच तर ह्यांचा. त्यांना कुणी मूर्ती म्हटलं नाही, ‘बायकोच्या मुठीत’ म्हटलं. आणि मूर्ती करायची युक्ती मला चांगली ठाऊक आहे. मूर्ती झाली की तिला बसप्रवासाचे पैसे द्यायला नकोत. वर्षातून एक हार घातला की बाकी बारा महिने ती आणि तिचं काम!

मघाशी प्रत्येक वक्ता म्हणाला, ‘आजींचं कार्य पुढे न्यायला हवं.’ वा! (पिशवीतून लाल वही काढतात) ही मंडळाची वर्गणीची वही. खजिनदार आजपर्यंत मी. कोण नेतंय पुढे?

(शांतता. आजी वही उंच धरून प्रेक्षकांवरून नजर फिरवतात.)

मघाशी टाळ्या केवढ्या होत्या! आता सगळ्यांचे मोबाइल एकदम वाजले? ते निळ्या शर्टवाले... मागे नका बघू, मागे भिंत आहे. तुम्हीच. उठा. घ्या वही. पेन माझं आहे, परत द्यायचं. लाटण्यासारखं नको व्हायला.

सोपं काम आहे. वर्गणी मागायची, पावती फाडायची, अपमान गिळायचा. सुरुवात इथूनच करा. (रिकाम्या खुर्चीकडे वळून, गोड आवाजात) अध्यक्षसाहेब, भाषण फार हृदयस्पर्शी झालं हो. एप्रिलपासूनची थकलीय. रोख देताय, की मोबाइलवरून?