गारव्याचे कारभारी

मेक्सिकोच्या आखाताला लागून असलेल्या अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर, टेक्ससमधील गॅल्व्हेस्टनपासून निघून लुइझियाना, मिसिसिपी, अलाबामा अशी मजल दरमजल करीत थेट फ्लॉरिडातील टॅम्पापर्यंत, चाकांवरच्या घरांच्या ज्या असंख्य वसाहती पसरलेल्या आहेत, त्यांपैकी बहुतेकींत एक असा अधिकारी आढळतो की ज्याची नेमणूक कोणी केलेली नसते, ज्याला वेतन नसते, ज्याची सनद कोणाच्या दृष्टीस पडलेली नसते, आणि तरीही ज्याच्या संमतीवाचून त्या वसाहतीतील कोणत्याही टपावरचा एक स्क्रूदेखील फिरत नाही. मोटारीमागे जोडून ओढावयाची खोली म्हणा किंवा बसगाडीच्या पोटात मांडलेला संसार म्हणा, या घरांना तिकडे आर.व्ही. म्हणतात; आणि त्यांच्या टपावर बसविलेल्या वातानुकूलन यंत्राचा, म्हणजे बोलण्यातल्या एसीचा, स्वयंघोषित मुखत्यार तो हा गृहस्थ. मी त्यांना गारव्याचे कारभारी म्हणतो.

कारभारी साधारणतः ६५ ते ७५ या वयातले असतात. पूर्वायुष्यात त्यांनी विम्याच्या कचेरीत हिशेब तपासलेले असतात, शाळेत भूगोल शिकविलेला असतो, किंवा टपालखात्यात पत्रांची विल्हेवाट लावलेली असते. शीतयंत्रांशी त्यांचा धंद्याचा संबंध क्वचितच आलेला असतो. ज्याचा तसा संबंध खरोखरच आला, तो मनुष्य निवृत्तीनंतर मासे धरावयास जातो, आणि पूर्वी काय करीत होता असे कोणी विचारलेच तर सुतारकाम म्हणून बेधडक सांगून मोकळा होतो, कारण खरे सांगितल्यास पुढील सर्व उन्हाळे टपावर काढावे लागतील हे तो पुरते जाणून असतो. आमच्या कारभाऱ्यांना नेमकी तीच गोष्ट हवी असते. आपल्याकडे लग्नघरी कोणीही न सांगता कोठीच्या किल्ल्या कमरेला लावून हिंडणारे जे एक दूरचे मामा असतात, आणि तूप किती उरले हे वधूपित्याच्या आधी ज्यांना ठाऊक असते, त्यांच्याच गोत्राचे हे गृहस्थ. किल्ल्यांच्या जागी त्यांच्या पट्ट्याला मल्टिमीटर लटकत असतो, अर्ध्या विजारीच्या खिशांत निरनिराळ्या मापांचे पाने असतात, आणि भर दुपारीही कपाळावर पेटता दिवा असतो.

त्यांच्या अंमलाचा काळ एप्रिलच्या सुमारास सुरू होतो. हिवाळाभर तेथे उतरलेली मिशिगन आणि ओंटारिओकडची मंडळी पाखरांप्रमाणे उत्तरेस परतली, म्हणजे मागे उरतात ते नोकरीमुळे, तंगीमुळे किंवा निव्वळ हट्टामुळे उरलेले लोक, आणि याच लोकांवर कारभाऱ्यांची खरी हुकूमत चालते. तेथला उन्हाळा आकड्यांत पाहिला तर फारसा भयंकर वाटत नाही. मे महिन्यात ४५ अंश सेल्सिअस सोसलेल्या चंद्रपूरच्या माणसाला तेथले ३३-३४ अंश ऐकून हसूच येईल. पण हे हसू दवबिंदूचे तापमान २४-२५ अंश आहे हे कळेपर्यंतच टिकेल. अशा हवेत घाम येतो, पण जात नाही. नागपुरात वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या कूलरने खोली कशी प्रसन्न होते, आणि तोच कूलर मुंबईत लावला असता गादी, उशी व यजमान हे तिघेही कसे ओले होतात, हे ज्याने अनुभवले आहे त्याला कारभाऱ्यांचा मूळ सिद्धांत समजावून सांगावा लागत नाही. शत्रू उष्णता नव्हे, बाष्प. उष्णता हा केवळ त्याचा वकील आहे, असे त्यांचे मत आहे, आणि ते मला सर्वस्वी मान्य आहे.

या सिद्धांताला ते इतिहासाचा आधार देतात. १९०२ साली विलिस कॅरिअर नावाच्या तरुण अभियंत्याने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी जी योजना आखली, ती माणसांना गार वाटावे म्हणून नव्हे, तर दमट हवेने कागद फुगून रंगांची छपाई सरकत होती म्हणून, हे ते आवर्जून सांगतात. परंतु कॅरिअर त्यांच्या लेखी उत्तरेकडचा. त्यांची खरी भक्ती फ्लॉरिडातील अपालाचिकोला या बंदरगावच्या डॉक्टर जॉन गॉरींवर. तापाने फणफणलेल्या रोग्यांच्या खोल्या थंड ठेवता याव्यात म्हणून या सद्गृहस्थाने बर्फ करण्याचे यंत्र रचले, १८५१ साली त्याचे पेटंट मिळविले, भांडवलाअभावी ते यंत्र तसेच राहिले, आणि १८५५ साली डॉक्टर विपन्नावस्थेत वारले. पुढे १९१४ साली फ्लॉरिडा राज्याने त्यांचा पुतळा वॉशिंग्टनच्या संसदभवनात पाठविला, पण कारभाऱ्यांच्या हिशेबी या प्रायश्चित्ताने बाकी फिटलेली नाही. नैसर्गिक बर्फाचा मोठा व्यापारी, बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर, आपल्याविरुद्ध वर्तमानपत्रांतून मोहीम चालवीत आहे असा गॉरींना संशय होता, आणि कारभाऱ्यांनी तो संशय वारसाहक्काने जसाच्या तसा जतन केला आहे. एकदा बोलण्याच्या ओघात मी सांगून गेलो की, याच ट्यूडरचा बर्फ १८३३ साली जहाजाने कलकत्त्यास पोहोचला होता आणि पुढे आमच्या मुंबईनेही बोस्टनचा बर्फ मोठ्या चवीने चाखला. त्या क्षणापासून त्यांनी माझ्याकडे प्रतिपक्षाचा वंशज म्हणून पाहावयास सुरुवात केली.

उत्तरेविषयीच्या या रागाला आणखी एक सबळ कारण आहे. ही चाकांवरची घरे फार मोठ्या संख्येने इंडियाना राज्यातील एल्कार्ट या गावी व त्याच्या आसपास बांधली जातात, आणि तेथे हिवाळ्यात भरपूर बर्फ पडतो. "अंगात लोकरीचे कोट घालून बांधलेली घरे ही!" कारभारी तिरस्काराने म्हणतात. भिंती बोटभर पातळ, खिडक्या एकपदरी, आणि छतात १४ इंच लांबीरुंदीचे एक चौकोनी भोक. त्या भोकावर साडेतेरा हजार किंवा पंधरा हजार बी.टी.यू.चे यंत्र चार बोल्टांनी आवळून बसविलेले. त्या यंत्राने अशा घराला टळटळीत उन्हात गार करावे ही अपेक्षाच मुळात अन्यायाची आहे, असा त्यांचा अभिप्राय आहे. आणि तो देऊन झाल्यावर ते त्याच अपेक्षेच्या पूर्ततेसाठी शिडी मागवितात.

शिडी धरण्याचे काम त्यांच्या पत्नीकडे असते. वर्षानुवर्षे शिडीच्या तळाशी उभे राहून या बाईंना संपूर्ण शास्त्र अवगत झालेले आहे, पण त्या ते चारचौघांत बोलून दाखवीत नाहीत. शेजारच्या बायका मात्र सकाळी कपडे धुण्याच्या जागी त्यांना हळूच गाठतात, आणि त्या तितक्याच हळू आवाजात सांगतात, "फिल्टर काढून साबणाच्या पाण्याने धू आणि वाळवून लाव. पण त्याला सांगू नकोस हो, त्याची दुपार फुकट जाईल." दहापैकी सहा तक्रारी या एका वाक्यात निकालात निघतात, असा माझा अंदाज आहे. राहिलेल्या चार मात्र रीतसर दप्तरी दाखल होतात.

तक्रार आली की कारभारी प्रथम जाबजबाब घेतात. गार होणे केव्हापासून थांबले? पंखा मंद ठेवता की जोरात? रात्री थर्मोस्टॅटला हात कोणी लावला? या शेवटच्या प्रश्नावर नवरा बायकोकडे आणि बायको नवऱ्याकडे पाहते, आणि कारभाऱ्यांना जे समजावयाचे ते समजते. दमट हवेत पंखा मंद ठेवला, म्हणजे आतल्या कॉइलवरून हवा पुरेशी वाहत नाही, तिच्यातले बाष्प कॉइलवर गोठू लागते, बर्फाच्या थराने वाट आणखी अडते, आणि झरोक्यातून येणारा वारा क्षीण होत जातो. अशा वेळी गार होत नाही म्हणून माणूस थर्मोस्टॅट आणखी खाली ओढतो, आणि आजार दुणावतो. या रोगावर उपाय एकच: कंप्रेसर बंद, पंखा पूर्ण वेगाने, आणि बर्फ वितळेपर्यंत धीर. यांपैकी पहिले दोन कोणासही जमतात. तिसऱ्याची देखरेख करण्यासाठी कारभारी तेथेच खुर्ची मांडून बसतात व गार लिंबूसरबताची अपेक्षा ठेवतात.

त्यानंतर पंचनामा. हवा आत ओढली जाते तेथे एक तापमापक आणि गार हवा बाहेर पडते तेथे दुसरा, असे लावून ते घड्याळाकडे पाहत राहतात. दोहोंत १६ ते २२ अंश फॅरनहाइटचा फरक आला, तर यंत्र निर्दोष सुटले. मग फिर्यादीला आतून कितीही उकडत असो. कमी आला, तर छताचे आतल्या बाजूचे झाकण उतरवून कारभारी मान वर करून आत डोकावतात, आणि गार हवेच्या व परतीच्या हवेच्या वाटांमध्ये जी भिंत असावयास हवी तिच्यात कारखान्यानेच ठेवून दिलेली फट त्यांना हमखास सापडते. गार झालेली हवा खोलीत न येता त्या फटीतून परत यंत्राकडेच पळत असते. सरकारी तिजोरीतला पैसा बाहेर न पडताच पुन्हा तिजोरीत कसा पोहोचतो, यावर त्यांचे एक लहानसे भाषण याच ठिकाणी होते, आणि ते चालू असतानाच ते ती फट चकचकीत फॉइल टेपने बंद करतात. हे काम ते खरोखर उत्तम करतात, आणि त्याचा गुण पाचच मिनिटांत कळतो. फॉइल टेपवर त्यांची श्रद्धा इतकी दृढ आहे की त्यांच्या चष्म्याची दांडी, टोपीचा पुढा आणि पायातली एक चप्पल यांचाही उद्धार तिनेच झालेला आहे.

नवख्या लोकांची एक तक्रार मात्र ते ऐकून घेण्याच्याही पात्रतेची मानीत नाहीत. टपावरून पाणी ओघळते म्हणून एखादा धावत आला, तर ते त्याला बाहेर नेऊन उभे करतात. हवेतून पिळून काढलेले पाणी यंत्र टपावरच सोडते, आणि तेथून ते भिंतीवरून वाहते. तसे वाहिलेच पाहिजे. पाणी आत टपकू लागले तरच प्रकरण गंभीर. रस्त्याच्या हादऱ्यांनी ते चार बोल्ट सैल होतात, खालचे गॅस्केट ढिले पडते आणि घरमालक मात्र निष्कारण छताला दोष देत बसतो. बोल्ट इतकेच आवळावेत की गॅस्केट अर्ध्या जाडीवर यावे, त्याहून अधिक नाही. कारभाऱ्यांचे स्वतःचे बोल्ट कधी सैल होत नाहीत, कारण त्यांचे घर जागचे हलतच नाही. जगभर हिंडण्यासाठी घेतलेल्या या घरांची ही गंमत मला नेहमीच वाटत आली आहे की, उन्हाळा लागताच त्यांची सगळी चाके विजेच्या एका खांबाला बांधली जातात.

तो खांब हे कारभाऱ्यांचे मुख्य ठाणे. १२० व्होल्टांवर ३० अँपिअर म्हणजे ३,६०० वॉट. त्यात एसी चालतो, पण एसी चालू असताना कोणी मायक्रोवेव्हमध्ये दूध ठेवले आणि त्याच वेळी दुसऱ्याने केस वाळविण्याचे यंत्र लावले की ब्रेकर पडतो आणि सारे घर अंधारात एकमेकांवर आरोप करू लागते. दुपारी चारच्या सुमारास सगळ्या वसाहतीचे एसी एकदम घोंगावू लागले, की खांबांवरचा विजेचा दाब उतरतो, आणि कारभारी मीटर घेऊन गस्तीला निघतात. काटा १०८ वर आला की त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. या संख्येचे आपल्याकडील पावित्र्य त्यांना कळविण्यात काही अर्थ नसतो. १०४ वर आला, तर ते दारोदार जाऊन एसी बंद करण्याचे फर्मान काढतात, कारण दाब कमी पडला की कंप्रेसरची मोटर अधिक प्रवाह ओढते, तापते, आणि आतली गुंडाळी जळते. दररोजचे आकडे ते एका वहीत लिहितात, महिनाअखेर त्यांची नक्कल काढून वसाहतीच्या व्यवस्थापकांकडे दरखास्त करतात, आणि व्यवस्थापक ती मोठ्या आदराने खणात ठेवतात. या वह्यांचा गठ्ठा आता बिछान्याखालच्या कप्प्यात मावत नाही.

टपावर त्यांचे आवडते काम म्हणजे मोटरला सुरू होण्यास विजेचा जोर पुरविणारा कपॅसिटर बदलणे. यंत्र नुसते घुमते पण सुरू होत नाही, असा आवाज ऐकला की त्यांची मुद्रा उजळते. फुगलेला कपॅसिटर म्हणजे अल्प खर्चाचा, निश्चित निदानाचा आणि तात्काळ यशाचा आजार. वीज तोडल्यावरही त्यात भार शिल्लक राहतो, तो आधी उतरविल्यावाचून हात लावू नये, हे ते वरून ओरडून सांगतात. खाली बाई आपल्या बिस्किटांच्या डब्यातून नवा कपॅसिटर आधीच काढून उभ्या असतात. पण शीतद्रव्यच गळून गेले असेल, तर तेथे त्यांचा अधिकार संपतो. ही टपावरची यंत्रे बहुधा कायमची मोहोरबंद असतात, त्यांत द्रव्य भरण्याची वाटच ठेवलेली नसते, आणि त्या द्रव्याला हात घालण्यास कायद्याने परवाना लागतो. तेव्हा कारभारी खाली उतरतात, हात पुसतात आणि यंत्र गेल्याचे जाहीर करतात. मालकाने रकमेविषयी विचारले, तर ते तेवढ्यापुरते बहिरे होतात.

हिवाळ्यातल्या उबेविषयी ते बोलू लागले, म्हणजे लोक एरवी हसत. एवढ्या उकाड्याच्या मुलखात फर्नेसची, म्हणजे घर उबदार ठेवणाऱ्या भट्टीची, चिंता करणारा मनुष्य हास्यास्पदच. ते मात्र प्रत्येक वसंतात फर्नेसच्या बाहेरच्या तोंडावर जाळी बसवीत हिंडत, कारण मातीचे घरटे करणारी कुंभारीण माशी त्या नळ्यांत आपला प्रपंच थाटते आणि आगीची वाट बुजवून टाकते. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससवर जी कडाक्याची थंडी कोसळली, वीज गेली आणि नळ गोठले, तेव्हा हसणाऱ्यांचे घसे कोरडे पडले. एसी उलटा चालवून ऊब घेण्याची सोय ४ अंश सेल्सिअसच्या खाली फारशी कामाची नसते, आणि वीजच नसल्यावर तर तिचा विचारही नको. प्रोपेनची फर्नेस पेटते, पण तिचा पंखा बॅटरीवर चालतो, आणि ती बॅटरी कोणी वर्षभर पाहिलेली नव्हती. त्या आठवड्यात टेक्ससच्या कारभाऱ्यांनी कोणालाही "मी सांगितले होते" असे म्हटले नाही, असे ऐकतो. त्यांनी ते नंतर, पुढच्या तीन उन्हाळ्यांत, हप्त्याहप्त्याने म्हटले.

अशाच एका कारभाऱ्यांच्या पत्नीने एकदा निर्वाणीचा निश्चय केला, आणि जून महिन्यात घर खांबापासून सोडवून कोलोरॅडोच्या पहाडात, जेथे एसीचे नावही कोणी काढीत नाही अशा उंचीवर, नेऊन उभे केले. कारभारी दिवसभर पाइनवृक्षांकडे पाहत गप्प बसून होते. वही मिटलेली, मीटर खिशात. रात्री पाणी गोठेल इतका गारठा पडला. सकाळी शेजारचा एक तरुण हात चोळीत आला आणि सहज म्हणाला, "आमची फर्नेस टकटक करते, पण पेटत नाही." कारभाऱ्यांनी चहाचा पेला खाली ठेवून पहिला प्रश्न विचारीपर्यंत बाईंनी गुडघ्याखाली घ्यावयाची गादी, कपाळाचा दिवा आणि कोरी वही घराबाहेर आणून ठेवली होती.