बिनमांजराचा मांजरवाला

टोकियोच्या एदोगावा वॉर्डातलं निशिकासाई म्हणजे आपल्याकडच्या आयटीवाल्यांची वसाहत. स्टेशनबाहेर दोन मिनिटं उभं राहा. हिंदी, तमिळ, तेलुगू कानावर पडतंच, आणि मधूनच कुणीतरी फोनवर 'अगं, पण शिट्ट्या किती झाल्या?' असं विचारतं. याच गर्दीत हा गृहस्थ सापडतो. वय पस्तिशीच्या अलीकडे-पलीकडे, पाठीला सॅक, जपानी भाषेचे धडे पुण्यात गिरवलेले, लग्नाचा विषय 'बघू'वर अडकलेला. घरात मांजर नाही, कुत्रा नाही. हौसेनं आणलेली तुळससुद्धा एका हिवाळ्यात राम म्हणाली. पण कपाटात मांजरांवरच्या मांगांची, म्हणजे जपानी चित्रकथांची, अशी चळत, की पाहुण्याने सोफ्यावर बसण्याआधी केस झटकून घ्यावेत.

मांजर का पाळत नाही असं विचारलं, की तो भाडेकरार पुढे करतो. जपानी घरांच्या जाहिरातीत 'पेट्टो फुका', म्हणजे प्राणी चालणार नाहीत, अशी ओळ बहुधा असतेच. चालणार असतील तिथे अनामत रक्कम वाढते. हे कारण खरंच आहे, आणि त्याच्या फार सोयीचंही आहे. मुळात या वाङ्मयातल्या लाडक्या मांजरीची सुरुवातच अशा इमारतीत झाली. कोनामी कानाता यांची 'ची' आईपासून चुकते आणि यामादांच्या घरी येते. त्या इमारतीतही प्राण्यांना बंदी. मग आई, बाबा आणि चिमुरडा योहेई मिळून तिला लपवतात. २००४ ते २०१५ अशी अकरा वर्षं ही मालिका चालली, बारा खंड झाले. आमच्या गृहस्थाने ते बारा खंड जुन्या पुस्तकांच्या दुकानातल्या ११० येनच्या कप्प्यातून एकेक करून जमवले. नियम मोडायचे तर ते यामादांनी मोडावेत; याच्या अनामतीला धक्का नाही.

वाचनाची वेळ सकाळची, जागा तोझाई लाइनची मेट्रो. करोनाच्या आधी या मार्गावर किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात क्षमतेच्या १९९ टक्के गर्दी मोजली जात होती. डोंबिवलीच्या माणसाला हा आकडा सुट्टीच्या दिवसाचा वाटेल, पण टोकियोत त्याची बातमी होते. त्या चेंगराचेंगरीत, एका हाताने कडी आणि दुसऱ्या हाताने पुस्तक धरून, पुण्याचा एक इंजिनीअर मांजरीचं पिल्लू पहिल्यांदा पायऱ्या कशी चढतं ते वाचत असतो. चेहरा असा, की शेजारच्याला वाटावं, पगारवाढीचं पत्रच हातात आहे.

त्याचं दैवत मात्र फुकुमारू. उमी साकुराईंनी २०१७ साली ट्विटरवर टाकलेल्या चित्रकथेतून 'ओजिसामा तो नेको' ही मालिका उभी राहिली. दुकानातल्या पिंजऱ्यात एक चपट्या नाकाचा, गोलमटोल, वर्षाचा होत आलेला बोका. बाकीची पिल्लं खपतात, याची नुसती किंमत उतरत जाते. आता आपल्याला कुणी नेणार नाही, हे त्याने मनाशी पक्कं केलंय. तेवढ्यात कोट घातलेले, उंच, वयस्कर कांदासान येतात आणि म्हणतात, हाच हवा. कांदा पियानोवादक; बायको गेल्यापासून त्यांनी पियानोला हात लावलेला नाही. मांजर असावं ही इच्छा तिची. पुढे काय होतं? विशेष काहीच होत नाही. नाव ठरतं, भांडी आणली जातात, बोका पलंगावर चढतो. आमच्या गृहस्थाला रडायला तेवढं पुरतं. २०२१ साली या मांगाची टीव्ही मालिका आली. कांदा झाले मासाओ कुसाकारी, आणि फुकुमारू झाली चक्क बाहुली. तिला आवाज र्‍यूनोसुके कामिकींचा. आमच्या गृहस्थाला बाहुली अजिबात खटकली नाही. खऱ्या मांजरावाचून भागतं, हे त्याला आधीच ठाऊक होतं.

आता यातली गंमत. या पुस्तकांत मांजराच्या मनातलं सगळं वाचकाला ऐकू येतं. मालकाला मात्र नुसतं 'न्याँ'. 'दोउक्योनिन वा हिझा' या मालिकेत तर एकच प्रसंग दोनदा सांगतात. आधी माणूसघाणा लेखक सुबारू आपल्या बाजूने सांगतो. मग त्याची मांजर हारू. सुबारूला वाटतं आपण मांजर पाळलंय. हारूला वाटतं, वेळेवर जेवायची अक्कल नसलेला हा प्राणी आपल्या गळ्यात पडलाय. माझं मत विचाराल तर या छंदाचं गुपित इथे आहे. गृहस्थ मांजरांबद्दल वाचतच नाही. रात्री साडेनऊला घरी येऊन तो दिवा लावतो तेव्हा आत कुणाचं काय चाललं होतं, याची हकीकत कुणीतरी त्याला सांगायला हवी असते. ती हे खंड सांगतात, आणि बदल्यात खायला मागत नाहीत.

भयकथावाले जुंजी इतोसुद्धा त्याला चालतात. २००९ साली त्यांनी आपल्या 'योन' आणि 'मू' या मांजरांची डायरी काढली, तीही अंगावर काटा आणणाऱ्या त्याच शैलीत. होणाऱ्या बायकोच्या डोळ्यांत बुबुळंच काढलेली नाहीत. एवढा भयसम्राट, पण मांजर आपल्या कुशीत न येता तिच्याच कुशीत का जातं, या चिंतेने झुरतोय.

कुत्र्यांच्या मांगांपाशी मात्र गृहस्थाची वाट अडते. जिरो तानिगुचींनी १९९१ साली 'इनू ओ काऊ'मध्ये म्हाताऱ्या कुत्र्याचे शेवटचे दिवस रेखाटले; त्याला मोठा पुरस्कारही मिळाला. ताकाशी मुराकामींच्या 'होशी मामोरू इनू'मध्ये तर सुरुवातीलाच एक बेवारस गाडी सापडते, आणि आतला माणूस व कुत्रा दोघंही केव्हाच गेलेले असतात. गृहस्थाने ते पुस्तक दुकानातच उभ्या उभ्या उघडलं होतं. तेव्हापासून नवा खंड घेण्याआधी तो दुकानदाराला दबक्या आवाजात विचारतो, "मरत नाही ना?" दुकानदाराला या प्रश्नाची सवय असावी. तो मान हलवूनच उत्तर देतो.

रविवारी पुण्याहून आईचा व्हिडिओ कॉल. तो उत्साहाने युकिचीची गोष्ट सांगतो. हित्सुजी यामादा यांच्या मांगातला हा माणसाएवढा काळा बोका नोकरदार मालकिणीचा स्वयंपाक करतो, घर आवरतो, वर तिला डबा भरून देतो.

"पोळ्या लाटतो का?"

"पोळ्या नाही गं, पण बाकी सगळं करतो."

"मग बघ एखादा."

एकदा मात्र परीक्षेची वेळ आली. मित्र गणपतीला साताऱ्याला निघाला. त्याच्या इमारतीत प्राणी चालत होते, आणि घरात एक मांजर होती. "आठवडाभर तूच राहा, तुला आवडतात ना," म्हणून त्याने किल्ली दिली. गृहस्थ नवा शर्ट घालून गेला. मांजर सोफ्याखाली गेली. त्याने कांदासानांच्या आवाजात हाक मारली. तिने एक पंजा बाहेर काढला, त्याच्या मोज्याचा धागा ओढला आणि पुन्हा आत. मनात काय चाललं होतं ते तिने काही सांगितलं नाही. गृहस्थाला हे फार लागलं. दुसऱ्या दिवसापासून तो वेळेवर खाणं घाली, रेतीचा डबा नाक धरून साफ करी आणि सोफ्याला पाठ टेकून सॅकमधून आणलेला फुकुमारू उघडून बसे.

मित्र परतला, कंदी पेढ्यांचा पुडा पुढे केला आणि विचारलं, "काय, जमलं का तुमचं?"

"मस्त," गृहस्थ म्हणाला. "पाचव्यापासून आठव्यापर्यंत वाचून झाले."