सव्वा किलोचा संसार

१९८१ साली आलेला ऑस्बॉर्न-१ हा ‘सोबत नेण्याजोगा’ संगणक सुमारे ११ किलोचा होता. पडदा पाच इंची, बॅटरी नाहीच. वाचून आम्ही पोट धरून हसलो. मग प्रवासात कोडिंग करायचं म्हणून महिनाभर रॅम, प्रोसेसरचा काथ्याकूट करून सव्वा किलोचा लॅपटॉप घेतला. पाठोपाठ चार्जर, हब, माउस, पॉवर बँक असं वऱ्हाड आलं. डेक्कन क्वीनमध्ये खिडकी पटकावली. कर्जत सुटलं, बोगदे लागले, नेटवर्क गेलं. लॅपटॉप मांडीवर, मांडी गरम, कटलेट गार! पुणं येईपर्यंत एकच ओळ लिहून झाली, तीही कॉमेंटची. उतरताना अवघडलेला खांदा पुटपुटला, ‘ऑस्बॉर्नला निदान मूठ तरी होती!’